दोन ते चारचा पहारा

या, असे पुढे सरका. अक्का, तुम्ही त्या कुलरपासून जरा इकडे बसा, नाहीतर अर्धं ऐकू येईल आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं लावाल. कीर्तनाला अजून अवकाश आहे. बुवा चहा घेताहेत, मृदंगाला कणीक लावणं चाललंय. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. पाच पत्रांची. आमच्या जळगावच्या सप्ताहातली, म्हणजे गेल्या चैत्रातली. गोष्ट लहान आहे, पण त्यात माझ्या हातून घडलेलं एक पाप आहे, आणि पाप लांबून मोठ्यानं सांगितलं की त्याचंच कीर्तन होतं. म्हणून म्हणतो, जवळ या.

सप्ताहाचा पाचवा दिवस होता, सकाळचे दहा. मांडवाच्या मागं ताडपत्री लावून मंडळाचं कार्यालय केलेलं, आणि त्यात मी संगणकापुढं बसलो होतो. पलीकडं भाजी चिरणाऱ्या बायकांचा गलका होता, मोठ्या पातेल्यात डाळ उकळत होती, आणि मांडवातून वीणेचा तो एकसुरी झंकार येत होता, जो सात दिवस थांबत नाही आणि म्हणूनच तिसऱ्या दिवसापासून कुणाला ऐकू येत नाही. मेल उघडली तर सगळ्यांत वर एक ताजं पत्र. सुरुवातीला ठळक अक्षरांत ‘राम कृष्ण हरी माउली’, खाली फुलांचं चित्र आणि त्याखाली शहराबाहेरच्या प्लॉटची जाहिरात. मला हसू आलं, आणि हसता हसता कुठेतरी टोचलं. कारण असली पत्रं येऊ नयेत म्हणून जो बंदोबस्त केला होता तो मी स्वतः केला होता, आणि त्याचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान होता. कार्यालयांच्या मेल प्रोग्रामला जोड लावून देणं हा माझा धंदाच आहे. मूळ प्रोग्राम परक्याचा असतो. त्यात आपल्या कामापुरती बटणं बसवायची, नको ती पत्रं आपोआप बाजूला जातील अशी चाळण लावायची. धुळ्यात वाढलो, जळगावला नोकरीला आलो, आणि वीस वर्षं हेच केलं. कीर्तनाचं वेड लहानपणापासून, पण टाळ हातात धरला की माझा ठेका सुटतो, गळ्यात सूर नाही. वीणा घेऊन पहाऱ्याला उभं राहायचं म्हटलं तर मन दोन मिनिटंही एका जागी थांबत नाही. मग देवाला म्हणालो, माझी सेवा बोटांची. मंडळाला मेलची व्यवस्था फुकट करून दिली तेव्हा मला वाटलं होतं, आपणही रांगेत उभे राहिलो.

त्याची गरजही होती. आमचे चिटणीस भूपेंद्रनाना, वीज कंपनीतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. सप्ताहाआधी दोन महिने त्यांचा फोन कानाला चिकटलेला असायचा. कीर्तनकारांच्या तारखा, कुठल्या गावची पंगत कोणत्या दिवशी आणि पहाऱ्याची नावं. वीणा खाली ठेवायची नसते, रात्रंदिवस कुणी ना कुणी ती गळ्यात घालून नाम घेत उभा असतो, आणि दोन दोन तासांचा एकेक पहारा वाटून दिलेला असतो. त्याआधीच्या वर्षी पहाटेचा एकच पहारा नानांनी फोनवर दोघांना देऊन टाकला, आणि ते दोघे मांडवात एकमेकांशी असे बोलले की ऐकणाऱ्याला ते पुण्य मिळवायला आलेत असं वाटू नये. मग ठराव झाला: नाव मेलनंच द्यायचं, म्हणजे लिखापढी राहील. मी पत्रावर चार बटणं बसवली. ‘कीर्तन’, ‘पंगत’, ‘पहारा’ आणि ‘कचरा’. ‘पहारा’ दाबलं की नाव, गाव, वेळ तक्त्यात जाऊन बसायची आणि समोरच्याला आपोआप उत्तर जायचं, की माउली, आपला पहारा लागला. ‘कचरा’ दाबलं की चाळण शिकायची. तिला अक्कल अशी नसते. ती नुसती शब्द मोजते. कोणते शब्द असलेली पत्रं माणसानं ठेवली, कोणती टाकली, त्यावरून ती पुढच्या पत्राचा अंदाज बांधते. दोन महिने नानांनी तिला शिकवायचं होतं, आणि मी जुनी दोन हजार पत्रं भरवून आधीच बाळगुटी दिली होती.

मग ही प्लॉटची जाहिरात आत कशी आली? ते बघायला म्हणून मी बाजूला टाकलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. लहानपणी धुळ्याच्या घरी आई पुढ्यात ताट घेऊन तूर निवडायची, आणि मी खडे वेचून अंगणात भिरकवायचो, तेव्हा ती माझं मनगट धरायची. “आंडोर, बठ्ठं एकदाव देखी ले, मंग फेक.” पोरा, सगळं एकदा बघून घे, मग फेक; खड्यांच्या वाटीतही दाणा गेलेला असतो, असं तिचं म्हणणं. आता आई नाही, मनगट धरणारं कुणी नाही, आणि मी तर खडे आपोआप फेकणारं यंत्र करून दिलेलं. कप्प्यात केसांचं तेल, कर्ज, परदेशी लॉटरी, आणि त्यांच्यात, एकाच पत्त्यावरून आलेली, पाच पत्रं. पत्ता बोदवडच्या एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानाचा. प्रत्येक पत्राखाली दुकानाची ठरलेली ओळ: पॅनकार्ड, पीकविमा, रेल्वे तिकीट, सर्व फॉर्म भरून मिळतील. आणि वर, एकेक ओळ.

पहिलं: दुपारी दोन ते चार माझा पहारा लावावा. गिरधर, बोदवड.

दुसरं, बारा दिवसांनी: आधी लिहिले होते, मिळाले असेल. दुपारचे दोन ते चार.

तिसरं: सकाळचा मागत नाही. दुपारचाच.

चौथं: मागच्या वर्षी माझ्याकडून काही चूक झाली असल्यास सांगावे. एकदा खांबाला टेकलो होतो, तेवढे खरे आहे.

पाचवं, सप्ताह सुरू झाला त्या सकाळचं: ज्याला दिला त्याला माझा नमस्कार. उभे राहण्याआधी गूळपाणी घ्यायला सांगावे.

मी ती पाचही पत्रं पुन्हा वाचली, मग चौथं तेवढं पुन्हा वाचलं. गिरधर आबा. मला आठवतं तेव्हापासून सप्ताहातला दुपारचा दोन ते चारचा पहारा म्हणजे गिरधर आबा. आई सप्ताहासाठी धुळ्याहून एसटीनं जळगावला मावशीकडं यायची, मला बरोबर आणायची. पंगत उठली की सगळा मांडव जेवून आडवा व्हायचा. बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, कापडी मांडवातून येणारा तो पिवळा, जाड उजेड, उष्ट्या पत्रावळींचा वास, माशा. आणि त्या सगळ्या निजलेल्या देहांच्या पलीकडं एक उंच, काळा, वाळका माणूस उभा. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, घामानं बुक्क्याचा ओघळ नाकापर्यंत आलेला, आणि अंगठा तारेवरून जातोय, येतोय. मी सात-आठ वर्षांचा असेन. मला तेव्हा वाटायचं की हा माणूस उभा आहे म्हणूनच बाकीचे झोपू शकताहेत. हे कुणाला कधी सांगितलं नाही. मोठा झाल्यावर विसरलोही. तो पहारा कुणी मागत नसे, आणि ते दरवर्षी मागत. जणू काही मोठी देणगी मागावी तसे, दोन महिने आधी. आणि यंदा त्यांना वाटत होतं की खांबाला टेकल्याबद्दल आपल्याला काढून टाकलं.

“नाना,” मी हाक मारली, “दुपारच्या पहाऱ्याला यंदा कोण आहे?”

“झिपरू आणि निंबा. एकेक तास वाटून घेतलाय पोरांनी. का रे?”

“गिरधर आबा?”

नाना चष्मा पुसत होते. “त्यांचं नाव आलं नाही ना. फोन केला होता त्यांनी माघात, मीच म्हटलं, आबा, आता मेल करा, भूषणनं सगळं लावून दिलंय. मग काही आलं नाही. वाटलं, थकले असतील. वयही झालं.” मग माझ्या तोंडाकडं पाहून त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावर वाकले. वाचायला त्यांना वेळ लागला. चौथ्या पत्राशी ते थांबले. “अरे, टेकले होते म्हणजे? चक्कर आली होती त्यांना! मीच पाणी नेलं होतं.” आणि मग, अगदी हळू, “पूर्वी मी फोन तरी केला असता रे. नाव आलं नाही तर, आबा काय झालं, म्हणून. यंदा तक्त्यात नाव नाही म्हणजे विषय संपला, असं कसं झालं मला?”

मी चाळणीचे आकडे उघडून बसलो. कोणत्या शब्दाला तिनं किती वजन दिलंय ते त्यात दिसतं. ‘हरी’ला सगळ्यांत जास्त. ‘माउली’, ‘राम’, ‘कृष्ण’, त्यांच्या पाठोपाठ. ज्या पत्रात यांपैकी एक जरी शब्द असेल ते तिच्या लेखी शुद्ध सोनं, मग पुढं प्लॉट असो की केसांचं तेल. आणि ज्या पत्रात देवाचं नाव नाही, शब्द मोजके, खाली जाहिरातीची ओळ, ते तिच्या लेखी कचरा. “नाना, ह्या असल्या जाहिराती रोज आल्या असतील की. तुम्ही कचऱ्याचं बटण दाबलंच नाही?”

“दाबलं की. लॉटरीला दाबलं, कर्जाला दाबलं.”

“आणि वर देवाचं नाव असेल तर?”

नाना चिडले. “तूच सांग, वर राम कृष्ण हरी लिहिलंय आणि मी त्यावर कचरा म्हणून दाबू? हात तरी रेटेल का? तेच बटण देऊन ठेवलंस ना, त्यावर दुसरं काही लिहिता नाही आलं तुला?”

मी उलट बोलणार होतो. पण तेव्हा मला आठवलं ते असं, की दिवाळीनंतर ती जुनी दोन हजार पत्रं मी घरी बसून भरवत होतो, हे ठेव, हे टाक, आणि ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा’वालं पत्र आलं, वर हरीचं नाव, तेव्हा माझंही बोट बटणावर जाऊन परत आलं होतं. एकदा नाही, प्रत्येक वेळी. मी स्वतःशी म्हणालोही होतो, राहू दे, एवढ्यानं काय होतंय. म्हणजे नानांच्या आधी मीच. दोन भाविक माणसांनी मिळून एका यंत्राला भक्ती शिकवली होती, आणि ते यंत्र आमच्यासारखंच झालं होतं: वर नाव आहे का बघायचं, आत माणूस आहे का नाही ते बघायचं नाही.

“जा,” नाना म्हणाले. “फोन नको करूस. फोनवरच मी त्यांना मेल करा म्हणून परतवलं, तिथंच बिघडलं. तू जा.”

मोटारसायकल काढली तेव्हा बारा वाजून गेले होते. नशिराबाद, भुसावळ, वरणगाव; रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानं उन्हानं फाटून लोंबलेली, मध्येच उपटून ठेवलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग. तोंडाला बांधलेला रुमाल वाळून खरखरीत झाला. वाटभर मी एकच वाक्य तयार करत होतो. आबा, चूक तुमची नाही, माझी आहे. मग वाटायचं, नुसतं एवढंच म्हणालो तर ते म्हणतील, असू दे बाबा. आणि विषय मिटेल, आणि मला तो इतक्या स्वस्तात मिटायला नको होता. मग सगळं समजावून सांगायचं ठरवायचो, चाळण, शब्दांचं वजन. पण नव्वदीला टेकलेल्या माणसाला वजनाचं काय सांगणार? आणि त्यातून शेवटी काय निघणार, की आबा, तुमच्या पत्रात देवाचं नाव नव्हतं म्हणून ते कचऱ्यात गेलं? हे त्यांच्या तोंडावर कसं बोलायचं? आणि खरंच, का नव्हतं? ज्या माणसानं पन्नास वर्षं दोन तास उन्हात उभं राहून दुसरं काही उच्चारलं नाही, त्यानं पत्राच्या माथ्यावर ते तीन शब्द का लिहू नयेत? वरणगावच्या पुढं मला त्याचा किंचित रागही आला, हे कबूल करतो. एक नाव लिहिलं असतं तर. आपली चूक वाहून नेताना माणूस वाटेत तिचा थोडा भार दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन बघतोच.

बोदवडला विचारत विचारत घर सापडलं. स्टेशनकडून आत, सिमेंटचं दोन खोल्यांचं घर, ओट्यावर कडुनिंबाची सावली, दाराशी कापसाचा रिकामा गाडा. दारात म्हातारी बसली होती, सुपारी कातरत. भिकुबाई, आबांच्या मालकीणबाई. मी तोंडावरचा रुमाल सोडून नाव सांगू लागलो तर तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला. पहारा चालू हाये.”

मला कळेना. दार लोटलेलं होतं. तिनं बोटानं थोडं ढकललं. आत, कोठीशेजारी, भिंतीपासून हातभर पुढं, आबा उभे होते. तेच धोतर, कपाळाला बुक्का. मान थोडी झुकलेली, डावा हात खांद्याजवळ वर धरलेला, उजवा छातीशी, आणि अंगठा जातोय, येतोय. हातांत काही नव्हतं. ओठ हलत होते. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

“पह्यल्या दिवसापासून,” भिकुबाई माझ्या कानाशी म्हणाली. “म्हने पहारा त्याहीनं नाही देला तं नाही देला, वेळ तं माही हाये. दोन वाजले का उभे. मी म्हनलं वीणा कुठी हाये? तं म्हने, तिकडे हाये, तू तुही सुपारी कातर.” तिला हसू येत होतं आणि ते ती पदरात दाबत होती. “च्यार वाजेलोग कोनाशी बोलत नाही. बसा तुम्ही. पानी आनू?”

मी ओट्यावर बसलो. पाणी प्यायलो. दाराच्या फटीतून आबांचे पाय दिसत होते. घोट्यांवर सूज होती, आणि गुडघे थरथरत होते. वाऱ्यानं धोतर हलावं तसं, पण वारा नव्हता. मी घड्याळ पाहिलं, पाच मिनिटं झाली होती. चारपर्यंत अजून तासावर दहा मिनिटं. मला बोलायचं होतं त्यातलं काहीही आता बोलता येणार नव्हतं, आणि मी बोलू शकत नव्हतो तोवर ते, आपण काढून टाकलेले आहोत असं समजून, उभेच राहणार होते. पहाऱ्यातला माणूस दुसऱ्यानं वीणा घेतल्याशिवाय मोकळा होत नाही. कितीही झालं तरी नाही. हा नियम मला पाठ होता. तो नियम धरून मी तक्ता बांधला होता, एकाचा पहारा संपतो त्या मिनिटाला दुसऱ्याचं नाव सुरू, मध्ये रिकामी ओळ येऊच शकणार नाही अशी व्यवस्था. आणि तरी मला तो नियम खरा कळला तो त्या ओट्यावर, त्या गुडघ्यांकडं बघताना.

“मावशी, मी घेतला तर?”

भिकुबाईनं अडकित्ता खाली ठेवला. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. “माळ हाये गळ्यात?”

“नाही.”

“मागं कव्हा उभे ऱ्हायले पहाऱ्याले?”

“कधीच नाही.”

तिनं न्हाणीकडं बोट केलं. “पाय धुवून या.”

पाय धुतले. रांजणाचं पाणी इतकं गार की तळव्यांतून डोक्यापर्यंत गेलं. आत गेलो, आबांसमोर उभा राहिलो. त्यांनी डोळे उघडले. ओळखलं की नाही कोण जाणे. अंगठा थांबला नाही, नाम थांबलं नाही. मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, उठलो आणि हात पुढं केले. मला फार लाज वाटत होती. रिकाम्या हातांपुढं रिकामे हात करताना कसं दिसत असेल, हे मी बाहेरून बघत होतो. आबांनी डोक्यावरून वीणेचा पट्टा काढला. माझ्या डोक्यावरून घातला, टोपीला लागू नये म्हणून जरा उचलून, आणि मी टोपी घातलेली नव्हती. मग कमरेत वाकले, त्या वाकण्याला किती वेळ लागला, आणि माझ्या पायांना हात लावला. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, वय बघत नाहीत. मी नाम सुरू केलं. आवाज फाटका आला. आबा दोन पावलं मागं सरकले, मला न्याहाळलं आणि पुन्हा पुढं येऊन माझं डावं कोपर धरून वर उचललं.

“कोपर वर घे,” ते म्हणाले. “भोपळा टेकंन खाली.”

मग ते कोठीला पाठ लावून बसले, पाय लांब केले, भिकुबाईनं दिलेलं गूळपाणी घोट घोट प्यायले. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसलोय. त्यांना मोकळं करायला, त्यांना सांगायला म्हणून मी पहारा घेतला होता. आणि आता बोलता येत नव्हतं ते मला. वीणा गळ्यात असताना नामाशिवाय दुसरा शब्द नाही. वाटभर घोकलेलं वाक्य जिभेच्या मागं उभं होतं आणि जिभेवर राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी.

“जळगावहून आला ना तू?” आबा म्हणाले. मी मान हलवली. “मंडळाचा?” पुन्हा मान. “पत्र भेटलं नाही त्याहीले?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हात गुंतलेले होते, पुसता येईना. “हां. मले वाटलंच व्हतं. पन मंग वाटे, का खांबाचं कोनी पाह्यलं असंन.” त्यांनी पेला खाली ठेवला. “आमची मोनाली हाये ना, दुकानवाली, ती म्हने आबा, वर हरीचं नाव टाकू का, बठ्ठे टाकतात. मी म्हनलं, पोरी, त्या डब्यात पुसाचं बटन बी असते म्हनतात. जिथी पुसता येते, तिथी नाव लिहू नाही. जिभेवरचं कोन पुसंन?”

मी उभा होतो. राग आला होता तो वरणगावच्या पुढचा रस्ता मला आठवला, आणि त्याचीही माफी मागता येईना. पोटऱ्या दुखायला लागल्या. दहा मिनिटांनी डावा खांदा आखडला. ज्या वीणेला वजन नव्हतं तिनं खांदा आखडला. मन नेहमीसारखं पळालं, प्लॉटची जाहिरात, गाडीची किल्ली काढली का, आईचं ताट, आणि परत आलं, पुन्हा गेलं. पण ओठ चालू राहिले. मला वाटत होतं की मन थांबेल तेव्हा उभं राहायचं असतं. कुणीही तसं सांगितलेलं नव्हतं. आबा मध्येच घोरायला लागले. मान कोठीला टेकलेली, तोंड उघडं, पाय पसरलेले. भिकुबाईनं त्यांच्या पायांवर पदरानं वारा घातला. भर दुपारी दोन ते चारमध्ये गिरधर आबा झोपले होते, आणि मी उभा होतो.

चारला भिकुबाईनं त्यांना हलवलं. त्यांनी उठून माझ्याकडून वीणा घेतली, जळगावच्या दिशेला तोंड करून नमस्कार केला आणि हात मोकळे सोडले. “तिकडे कोनीतरी घेतेच,” म्हणाले. मला वाचा फुटली. मी सगळं सांगितलं, चाळण, बटण, नाना, मी, दोन हजार पत्रं. त्यांना किती समजलं देव जाणे. मी म्हणालो, उद्यापासून तुमचा पहारा, झिपरूला आणि निंबाला नाना सांगतील. त्यांनी हात वर केला. “पोराहीले देलेला काढू नका. उन्हात उभे ऱ्हायले ते चार दिवस, मले येऊन समोर बसू दे. काही सांगाचं असलं तं कोपराचं सांगंन.”

आणि आले. सहाव्या दिवशी नानांनी स्वतः गाडी पाठवली. दोन वाजता, सगळा मांडव आडवा झालेला असताना, आबा सतरंजीवर मांडी घालून झिपरूसमोर बसले, आणि झिपरू, जो एरवी कुणाच्या बापाला भीत नाही, तो दोन तास उभा राहिला. त्याचा आणि निंबाचा असे दोन्ही तास. निंबा सारखा विचारत होता, “अरे दे ना आता!” आणि तो देईना. शेवटी आबांनीच डोळे वटारले. काल्याच्या आदल्या दुपारी त्या दोघांनी आपण होऊन आबांना वीणा दिली. नाना डाव्या बाजूला, मी उजव्या, आणि ते उभे राहिले. किती वेळ ते मी मोजलं नाही.

मी नंतर बरंच काही बदललं. ‘कचरा’ हे बटण काढलं, तिथं ‘बाजूला ठेवा’ लिहिलं. नाना आता हरीचं नाव घातलेल्या तेलालाही बिनदिक्कत बाजूला ठेवतात, म्हणतात, ठेवतोच आहे ना, टाकत कुठे आहे. चाळण पुष्कळ सुधारली. तरी तो कप्पा मी रोज सकाळी स्वतः उघडतो, एकेक पत्र बघतो. आणि तक्त्यात गेल्या वर्षीचं एखादं नाव यंदा दिसलं नाही, तर नानांच्या पुढ्यात एक चिठ्ठी येते: फोन करा. ही जोड मी सगळ्यांत शेवटी केली. ती सगळ्यांत आधी करायला हवी होती.

यंदाचा सप्ताह पंधरा दिवसांवर आलाय. आबांना आता उठवत नाही. खाटेवरच असतात, ऐकू कमी येतं. तरी माघ लागला आणि पत्र आलं, मोनालीच्या दुकानातून, वर नाव नाही, मोजके शब्द: दुपारी दोन ते चार माझा पहारा लावावा. गिरधर, बोदवड. मी ते चाळणीवर सोपवलं नाही. हातानं बटण दाबलं. उत्तर गेलं, की माउली, आपला पहारा लागला. तक्त्यात नाव त्यांचंच आहे, ते तसंच राहील.

बुवा उठले वाटतं, टाळ वाजले. तेव्हा एवढंच मागणं. जळगावला आलात आणि पंगतीनंतर मांडवात पाऊल टाकलंत, तर सगळे झोपलेले दिसतील आणि पलीकडं एक बुटका, गोरा, सूर नसलेला माणूस वीणा घेऊन उभा दिसेल. त्याच्या पाया पडायला याल, रीत आहे म्हणून. या. पण डोकं खाली ठेवाल तेव्हा मला आठवू नका हो. बोदवडच्या गिरधर आबांना आठवा.